सवलतीची नोंदवही : एकोणीस विभागांत संगणक-सुरक्षेचे एक मानक लागू करताना

खान्देशातील एका जुन्या शिक्षणसंकुलात एकोणीस विभाग, परीक्षा कक्ष, लेखा शाखा आणि ग्रंथालय या सर्वांसाठी संगणक-सुरक्षेचे एकच मानक लागू करण्याचे काम 2023 च्या उन्हाळ्यात हाती घेण्यात आले. त्यासाठी नेमलेल्या पाच जणांच्या समितीत संगणक केंद्राचा प्रतिनिधी म्हणून मी होतो. संस्थेचे नाव येथे दिलेले नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे ते कोणत्याही मोठ्या महाविद्यालयात किंवा विद्यापीठात थोड्याफार फरकाने आढळेल. मानक कोणते निवडले यापेक्षा ते विभागांच्या गळी कसे उतरले आणि कोठे उतरले नाही, हा या नोंदीचा विषय आहे.

कामाला निमित्त झाले ते एप्रिलमधल्या एका घटनेचे. अंतर्गत गुण भरण्याचे दिवस होते. एका विभागातील लिपिकाने झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेल्या कागदपत्रांचा पेनड्राइव्ह आपल्या संगणकाला लावला आणि शनिवारी दुपारी त्यांच्या पडद्यावरील सर्व फायलींची नावे बदललेली दिसू लागली. खंडणी मागणारा विषाणू एवढ्यावर थांबला नाही. संकुलात तेव्हा सर्व विभाग एकाच नेटवर्कवर होते, मध्ये कोठेही भिंत नव्हती, आणि तीन विभागांचे अंतर्गत गुण एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेले होते. त्या फोल्डरमध्ये वाचण्याचा आणि लिहिण्याचा अधिकार सर्वांना होता. सोय म्हणून तो कोणीतरी कधीतरी दिलेला होता आणि काढून घेण्याचे कोणाच्या मनात आले नव्हते. सोमवारी सकाळी ही बाब आमच्यापर्यंत आली तेव्हा तो फोल्डर संपूर्ण कुलूपबंद झालेला होता.

खंडणी दिली नाही. गुण परत मिळाले ते लोखंडी कपाटातून, कारण दोन विभागप्रमुखांनी जुन्या सवयीने सही केलेल्या छापील गुणयाद्या ठेवल्या होत्या. तिसऱ्या विभागाचे गुण प्राध्यापकांच्या ईमेलमधून आणि कच्च्या वह्यांतून जुळवावे लागले. त्यात अकरा दिवस गेले. विषाणू आधी कोणत्या संगणकावरून कोणत्या संगणकावर गेला, हे मात्र शेवटपर्यंत नीट ठरवता आले नाही, कारण दोन यंत्रांच्या घड्याळांत सतरा मिनिटांचा फरक होता आणि तिसऱ्याच्या घड्याळात चक्क मागील वर्ष चालू होते. त्याच आठवड्यात त्या लिपिकांना कारणे दाखवा नोटीस देण्यात आली. ही नोटीस प्रशासनाला स्वाभाविक वाटली असेल, परंतु तिचा पहिला परिणाम असा झाला की पुढील दोन महिन्यांत एकाही विभागाने आमच्याकडे विषाणूची एकही तक्रार नोंदवली नाही. विषाणू थांबले होते असे मानण्यास काहीच आधार नव्हता.

परिपत्रकाचा पहिला प्रयत्न

समितीने सुरुवात केली ती सर्वांत वरून. आयएसओ 27001 या माहिती-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2022 च्या आवृत्तीत 93 नियंत्रणे, म्हणजे सुरक्षेचे उपाय, आहेत आणि ती संघटनात्मक, मनुष्यबळविषयक, भौतिक आणि तांत्रिक अशा चार गटांत विभागलेली आहेत. त्यांतून आम्ही चौतीस मुद्दे निवडले, त्यांचे मराठीकरण केले आणि परिपत्रकासोबत एक तक्ता जोडला, ज्यात प्रत्येक मुद्द्यापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहून विभागप्रमुखांनी पंधरा दिवसांत सही करून पाठवायचे होते.

मुदतीत सात विभागांचे तक्ते आले आणि सातही तक्त्यांत सर्व चौतीस ठिकाणी ‘होय’ होते. सर्व्हर कक्षात अग्निशमन यंत्रणा आहे काय, या प्रश्नालाही ‘होय’ हेच उत्तर देणाऱ्या एका विभागाकडे सर्व्हर नव्हता, आणि त्यासाठी वेगळा कक्षही नव्हता. यात लबाडी होती असे मला तेव्हाही वाटले नाही. ज्या कागदावर ‘नाही’ लिहिल्यास पुढील पत्र स्पष्टीकरण मागणारेच येणार, त्या कागदावर अनुभवी विभागप्रमुख ‘होय’ लिहून मोकळा होतो, आणि आमचा कागद नेमका तसा होता. दोष तक्त्याचा होता.

म्हणून मानकाची पातळी खाली आणली. सीआयएस (सेंटर फॉर इंटरनेट सिक्युरिटी) या संस्थेच्या नियंत्रणांच्या आठव्या आवृत्तीत 18 गट आणि 153 उपाय आहेत. त्यांपैकी 56 उपाय ‘पहिला अंमलबजावणी गट’ म्हणून वेगळे काढलेले आहेत आणि ते मर्यादित मनुष्यबळ असलेल्या संस्थांसाठीच आहेत. त्या यादीची सुरुवात पासवर्डने किंवा फायरवॉलने होत नाही. आपल्याकडे कोणती यंत्रे आहेत आणि त्यांवर कोणती सॉफ्टवेअर आहेत, या दोन मोजदादींनी ती होते. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण जे मोजलेले नाही त्याच्या सुरक्षेबद्दल दिलेले प्रत्येक उत्तर अंदाजच असते.

मोजदाद

मोजदादीसाठी नवीन नोंदवही काढायची नाही, हे आम्ही ठरवले. प्रत्येक विभागाकडे डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही, असतेच, दरवर्षी त्याची पडताळणी होते आणि त्यावर सही करण्याची जबाबदारी कोणाची हे सर्वांना ठाऊक असते. त्यालाच चार रकाने जोडले: कार्यप्रणाली, वापरणारी व्यक्ती, नेटवर्कवर आहे किंवा नाही, आणि शेवटची प्रत कधी काढली. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर असताना संगणकशास्त्राचे विद्यार्थी सकाळी साडेसातला निघत आणि अकराच्या आत परत येत. तरीही तीन आठवड्यांत त्यांनी प्रत्येक खोली पाहिली.

रजिस्टर आणि प्रत्यक्ष यांचा मेळ बसला नाही, हे सांगायला नकोच. निर्लेखनासाठी, म्हणजे निरुपयोगी ठरवून रजिस्टरमधून काढण्यासाठी, पाठवलेले संगणक निर्लेखन समितीची बैठक न झाल्यामुळे कोपऱ्यात पडून होते, आणि त्यांतील काही पुन्हा जोडून वापरातही आलेले होते. कागदावर मृत असलेल्या यंत्राला अद्ययावत कोण करणार? विंडोज 7 चे सुरक्षा-पाठबळ, म्हणजे निर्मात्याकडून मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या, 14 जानेवारी 2020 रोजी संपले होते, तरी त्यावर चालणारे संगणक जवळजवळ प्रत्येक विभागात सापडले. त्याहून अडचणीची बाब म्हणजे परवान्याची तपासणी चुकवणारे क्रॅक वापरून चालू केलेल्या प्रणाली. क्रॅकची फाइल अँटीव्हायरसला संशयास्पद दिसते आणि तो ती काढून टाकतो, म्हणून ती बसवणारा माणूस आधी अँटीव्हायरस बंद करतो आणि बहुधा बंदच ठेवतो. म्हणजे बिनपरवाना सॉफ्टवेअरचा प्रश्न हा केवळ परवान्याचा नव्हता. त्या यंत्रांचे दार मुद्दाम उघडे ठेवलेले होते.

काही प्रयोगशाळांत मुक्त कार्यप्रणाली बसवून हा प्रश्न सुटला. कार्यालयीन टेबलांवर तो सुटला नाही, आणि तेथील अडसर सुरक्षेशी वरवर संबंध नसलेला होता. टंकलेखन परीक्षेत जुन्या टंकयंत्राची रेमिंग्टन मांडणी शिकलेल्या लिपिकांची बोटे संगणकाच्या इनस्क्रिप्ट मांडणीवर अडखळतात, आणि दाखल्यांचे, प्रमाणपत्रांचे व पत्रांचे वर्षानुवर्षांचे नमुने युनिकोड ही सर्व संगणकांवर चालणारी अक्षर-पद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये बांधलेले असतात. ते फॉन्ट चालवणारे सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे संगणकाला लावायच्या परवाना-किल्लीवर, अवलंबून होते आणि ते डोंगल जुन्या विंडोजवरच चालत होते. एका ज्येष्ठ लिपिकांनी ‘कसाले?’ (कशाला?) एवढाच अहिराणी प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर देण्यासाठी आम्हाला आधी त्यांचे बावन्न नमुने युनिकोडमध्ये उतरवून द्यावे लागले. सुरक्षेच्या कामातील सर्वांत जास्त मनुष्यदिवस या फॉन्ट-बदलात गेले, आणि कोणत्याही मानकाच्या पानावर त्याचा उल्लेख सापडत नाही.

रसायनशास्त्राचे पत्र

या सर्व काळात सर्वांत उपयोगी ठरलेला कागद हा एक नकार होता. रसायनशास्त्र विभागात मिश्रणातील घटक वेगळे करणाऱ्या वायू-वर्णलेखन (गॅस क्रोमॅटोग्राफी) यंत्राला जोडलेला संगणक विंडोज एक्सपीवर चालत होता, जिचे पाठबळ 8 एप्रिल 2014 रोजीच संपले होते. यंत्राचे सॉफ्टवेअर त्यापुढील कोणत्याही प्रणालीवर चालत नव्हते. ते बदलायचे तर नियंत्रक कार्डही बदलावे लागणार होते, आणि पुरवठादाराच्या दरपत्रकातील रक्कम विभागाच्या वर्षभराच्या आकस्मिक अनुदानाहून अधिक होती. विभागप्रमुखांनी सरळ लिहिले की हा मुद्दा आम्ही पूर्ण करू शकत नाही, करणारही नाही, आणि यंत्र बंद ठेवल्यास संशोधक विद्यार्थ्यांचे काम थांबेल, त्याचे उत्तर समितीने द्यावे.

या पत्रावर समितीची बैठक दोन तास चालली. शेवटी एका पानाचा सवलत-अर्ज तयार झाला. त्यात सहा ओळी होत्या: कोणते यंत्र, कोणता नियम पाळता येत नाही, का येत नाही, त्याऐवजी कोणता उपाय केला आहे, जबाबदार व्यक्ती कोण, आणि सवलत कोणत्या तारखेपर्यंत. सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदत द्यायची नाही. रसायनशास्त्राच्या त्या संगणकाची नेटवर्क केबल काढण्यात आली, आलेखांच्या फायली बाहेर नेण्यासाठी केशरी दोरी बांधलेला एकच पेनड्राइव्ह ठरवण्यात आला आणि तो आधी तपासणीच्या संगणकावर लावल्याशिवाय इतरत्र लावायचा नाही, असे अर्जात लिहून विभागप्रमुखांनी सही केली. अशा सवलतींच्या नोंदवहीतील ती पहिली नोंद.

लेखा शाखेच्या सदस्यांनी या पद्धतीला शेवटपर्यंत विरोध केला. सवलत म्हणजे पळवाट आहे आणि एकदा दिलेली सवलत आपल्याकडे कधी परत घेतली जात नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते निम्मे खरे ठरले, त्याविषयी पुढे लिहितो. त्यांच्याच आग्रहामुळे एक अट मात्र जोडली गेली: तिसऱ्यांदा मुदतवाढ हवी असेल तर अर्ज समितीकडे न येता यंत्र बदलण्याच्या खर्चासह थेट व्यवस्थापनापुढे जाईल. ही अट नसती तर नोंदवहीचे मूल्य निम्म्याने घटले असते, असे आज मला वाटते.

सवलत-अर्ज फिरवल्यानंतर जे घडले ते आम्हाला अपेक्षित नव्हते. ज्या सात विभागांनी सर्वत्र ‘होय’ लिहिले होते, त्यांपैकी सहा विभागांनी स्वतःहून अर्ज पाठवले. दोन महिन्यांत एक्केचाळीस नोंदी झाल्या. आधीच्या तक्त्यात ‘नाही’ ही कबुली होती. या अर्जात ‘नाही’ला एक तारीख आणि एक सही मिळाली, म्हणजे ते कार्यालयीन भाषेत एक प्रकरण झाले. प्रकरण हाताळणे प्रत्येक विभागाला येते. संस्थेत कोणती यंत्रे किती उघडी आहेत याचे पहिले विश्वासार्ह चित्र आम्हाला मिळाले ते या एक्केचाळीस नकारांतून.

कारणे दाखवा नोटीस याच सुमारास मागे घेण्यात आली. पडद्यावर काहीही विचित्र दिसले तर केबल काढा, संगणक बंद करू नका आणि फोन करा. कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असे एक चार ओळींचे पत्रक प्रत्येक टेबलावर चिकटवले. पहिल्याच महिन्यात नऊ फोन आले, त्यांतील सात निरुपद्रवी होते. हे प्रमाण मला समाधानकारक वाटते.

गुपित कशाला म्हणायचे

मराठी विभागाने सुरुवातीला असे सांगितले की आमच्याकडे चोरण्यासारखे काही नाही. विभागाकडे अहिराणी बोलीतील गाणी, जात्यावरच्या ओव्या आणि कथा यांची ध्वनिमुद्रणे होती. कॅसेटवरून ती संगणकावर घेतलेली होती, आणि ही सगळी साठवण टेबलाच्या खणातील एकाच बाह्य हार्डडिस्कवर होती. ओव्या सांगणाऱ्या अनेक बाया आता हयात नाहीत. येथे चोरीपेक्षा नाश हा धोका मोठा होता, आणि तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत, या जुन्या नियमाने तो बराचसा मिटला. परंतु प्रती काढताना ध्वनिमुद्रणांची यादी वाचली तेव्हा लक्षात आले की प्रत्येक नोंदीत बाईचे नाव, गाव आणि सासर लिहिलेले आहे, आणि ओव्यांत सासू, दीर व नवरा यांच्याबद्दल जे सांगितलेले आहे ते जात्यापाशी, दुसऱ्या बाईच्या विश्वासावर सांगितलेले आहे. ती यादी सर्वांना खुल्या असलेल्या फोल्डरमध्ये ठेवणे योग्य नव्हते. चोरण्यासारखे काही नाही असे म्हणणाऱ्या विभागानेच पुढे यादी आणि ध्वनिमुद्रणे वेगवेगळी ठेवण्याची मागणी केली.

शिष्यवृत्तीच्या टेबलावरची परिस्थिती अधिक गंभीर होती. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरताना अडलेले विद्यार्थी, ज्यांत सातपुड्याच्या पायथ्याकडील आदिवासी गावांतून आलेले अनेक जण असतात, आपले आधार कार्ड, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेच्या पासबुकाचे पहिले पान लिपिकांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवतात. ही मदत आहे आणि ती थांबवणे हा उपाय नव्हे. परंतु त्या प्रती डेस्कटॉपवरील एका फोल्डरमध्ये मागील पाच वर्षांपासून साचत होत्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला 11 ऑगस्ट 2023 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा आकडा बैठकीत सांगितल्यावर सर्व जण क्षणभर गप्प झाले. पण काम झाले ते दंडाच्या भीतीने नव्हे, तर अर्ज मंजूर झाल्यावर प्रत पुसायची आणि नोंदवहीत तारीख टाकायची, या साध्या नियमाने. भीती फार तर पुढील बैठकीपर्यंत टिकते.

परीक्षा कक्षात समजावण्याची गरज फारशी पडलीच नाही. प्रश्नपत्रिकांचा लाखेने मोहोरबंद केलेला गठ्ठा दोन व्यक्तींच्या सहीशिवाय उघडत नाही, हे तेथे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मात्र ज्या संगणकावर प्रश्नपत्रिका उतरवून घेतली जाते, त्याचा पासवर्ड पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर लिहिलेला होता. या दोन गोष्टी एका वाक्यात शेजारी मांडल्यावर कक्षाधिकाऱ्यांनी ती चिठ्ठी आमच्यासमोरच काढली आणि प्रत्येकाला स्वतंत्र खाते हवे असे स्वतः लेखी कळवले.

पासवर्डबाबत आम्ही स्वतःचाच जुना नियम रद्द केला. दर तीस दिवसांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती होती आणि परिणामी अर्ध्याहून अधिक पासवर्ड नाव आणि महिना यांच्या जोडीने बनलेले असावेत असा आमचा अंदाज होता. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने 2017 मध्येच अशी ठरावीक मुदतीची सक्ती करू नये असे सांगितले होते. आता चार असंबद्ध शब्दांचे लांब परवलीवाक्य आणि ते फुटल्याचा संशय आला तरच बदल, असा नियम आहे.

घड्याळ आणि नोंदी

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 70-ब अन्वये काढलेल्या निर्देशांत सुरक्षा-घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे, प्रणालींच्या नोंदी 180 दिवस जपणे आणि घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवणे या तीन अटी आहेत. हे निर्देश आपल्यासारख्या संस्थेला काटेकोरपणे लागू होतात काय, यावर समितीत बरीच कायदेशीर चर्चा झाली. ती अनिर्णित ठेवून आम्ही निर्देश पाळायचे ठरवले, कारण एप्रिलमधील सतरा मिनिटे सर्वांच्या लक्षात होती. घड्याळे जुळवणे एका दुपारचे काम निघाले. नोंदी साठवण्यासाठी निर्लेखनाच्या यादीतून वाचवलेला एक संगणक आणि नवीन डिस्क पुरली. सहा तासांची अट मात्र शनिवार दुपार ते सोमवार सकाळ या आपल्या वहिवाटीशी थेट भिडत होती. त्यासाठी सुटीच्या दिवशी फोन कोणी घ्यायचा याची पाळी लावावी लागली, आणि त्या पाळीचा मोबदला कोणत्या शीर्षाखाली द्यायचा हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

नोंदवहीची सद्यःस्थिती

दोन वर्षांत एक्केचाळीस नोंदींपैकी बत्तीस बंद झाल्या. नेटवर्कचे विभागवार तुकडे पडले, सामायिक फोल्डरचे अधिकार नावानिशी दिले गेले. लेखा शाखेचे सदस्य ज्या अर्थाने बरोबर होते तो असा की उरलेल्या नऊ नोंदींपैकी सहा नोंदींत कारणाचा मजकूर प्रत्येक मुदतवाढीच्या वेळी शब्दशः तोच उतरवलेला आहे. रसायनशास्त्राचा अर्ज तिसऱ्या खेपेला व्यवस्थापनापुढे गेला आणि नियंत्रक कार्डाची खरेदी मंजूर झाली; विभागाने ते कार्ड चार वर्षे मागितले होते, असे त्या वेळी कळले.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चे नियमित पाठबळ संपले आणि नोंदवही पुन्हा फुगली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप लागते, आणि आमच्याकडील चांगल्या स्थितीत चालणाऱ्या अनेक संगणकांत ती नाही. चालणारे यंत्र निर्लेखनासाठी पाठवताना विभागप्रमुखांची सही सहजासहजी मिळत नाही, आणि मिळू नये असेही मला अधूनमधून वाटते.

बेचाळिसावी नोंद संगणक केंद्राची आहे. मोजदाद करणाऱ्या विद्यार्थिनींपैकी एकीने आमच्याच कक्षातील जुना सर्व्हर दाखवून त्याचा रकाना रिकामा का, असे विचारले होते. तो विंडोज सर्व्हर 2012 आर2 वर चालतो, त्याचे पाठबळ 10 ऑक्टोबर 2023 रोजी संपले, आणि त्याचा व्यवस्थापकीय पासवर्ड तेव्हा तीन जणांना ठाऊक होता, ज्यांत मी एक होतो. पासवर्ड त्याच दिवशी बदलला. सर्व्हर मात्र ग्रंथालयाची जुनी प्रणाली त्यावर असल्यामुळे हलवता आलेला नाही. सवलतीला दोनदा मुदतवाढ मिळाली आहे. तिसऱ्या वेळचा अर्ज खर्चाच्या रकान्यासह भरून माझ्या टेबलावर आहे आणि जबाबदार व्यक्तीच्या ओळीवर माझे नाव आहे.